वर्नाचा रेडिओ आणि पिकेटचे पाय

मित्रांनो, मला जवळून हुंगलंत तर उकडलेल्या कोबीचा आणि लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास येईल. त्याला माझा इलाज नाही. मी एक जुना रेडिओ, आणि माझं सारं आयुष्य ओहायोतल्या एका नदीकाठच्या गावात, कोस्टेलनिकांच्या स्वयंपाकघरात गेलं. तिथे कोबी आणि कांदा चुकवणं कुणालाच जमलेलं नाही.

माझा जन्म शिकागोजवळच्या एका कारखान्यातला. बायकांच्या एका लांब रांगेने मला जोडत जोडत पुढे ढकललं. कुणी तारा झाळल्या, कुणी बटणं बसवली. शेवटच्या बाईने मला फडक्याने पुसलं, कानाशी धरलं आणि मान डोलावली. तेव्हा मी साईच्या रंगाचा होतो. आता चहाच्या रंगाचा आहे.

वर्ना कोस्टेलनिक तेव्हा नवी नवरी होती. किराण्यावर बक्षिसाची तिकिटं मिळत, ती तिने साठवली आणि पुरेशी झाल्यावर ती देऊन वस्तू मिळणाऱ्या दुकानात गेली. तिथली बाई म्हणाली, "इस्त्री घे, उपयोगी पडेल." वर्ना म्हणाली, "इस्त्री बोलत नाही." आणि तिने मला उचललं. मित्रांनो, इतका मान मला पुढे कधी मिळाला नाही.

तिचा नवरा एमिल पोलादाच्या गिरणीत होता. लालबुंद पत्रे त्याच्यासमोरून सरकत आणि त्यातली केसाएवढी चीर शोधायची, हे त्याचं काम. एमिलच्या नजरेवर गिरणी चालायची, निदान एमिल तरी तसंच सांगायचा. मग गिरणी बंद पडली. नजर मात्र तशीच राहिली, आणि रिकामी नजर फार वाईट. ती त्याने सगळीच्या सगळी फुटबॉलला लावली.

आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू, जो पायापेक्षा हातातच जास्त असतो. शनिवारी विद्यापीठांची पोरं खेळतात, रविवारी पगारी खेळाडू. आणि वसंतात पगारी संघ विद्यापीठांतली चांगली पोरं निवडून नेतात. कुणाला न्यावं आणि कुणाला नेऊ नये, याबद्दल एमिलला वर्षभर मतं असत. मतं कसली, निकालच ते.

"सगळे चेंडूकडे बघतात," तो म्हणायचा. "चेंडू खोटं बोलतो. पोराचे पाय बघा."

बाकीच्या खेळांनाही तो सोडत नसे. बेसबॉलचे चेंडूफेके हल्ली दोन घास खाऊन वाढलेलं पान सोडणाऱ्यासारखे, अर्ध्या सामन्यात उठतात. बास्केटबॉलवाल्यांना बास्केटपर्यंत चालत जायचा कंटाळा, लांबूनच भिरकावतात. आणि विद्यापीठाची पोरं सदरे बदलावेत तशी विद्यापीठं बदलतात. हे सगळं ऐकायला शेजारचा ऑगी पालुंबो असायचा. तोही गिरणीतलाच. एमिलने काही म्हटलं की त्याच्या उलट म्हणायचं, यासाठी तो कुंपण ओलांडून यायचा आणि जाताना वर्नाच्या हातचे पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, खाऊन जायचा.

आता वर्ना आणि मी स्वयंपाकघरात कसे अडकलो ते सांगतो. एकदा राज्याच्या संघाचा, म्हणजे आमच्या राज्याच्या विद्यापीठातल्या पोरांचा, सामना अगदी चुरशीत आला होता. वर्ना भांड्यातलं बघायला आत आली, आणि आपल्या संघाने गुण केले. ती बाहेर गेली, समोरच्यांनी केले. पुन्हा आत आली, आपण जिंकलो. बैठकीत ऑगी म्हणाला, "पाहिलंस?" एमिल म्हणाला, "पाहिलं." झालं. त्या दिवसापासून सामना सुरू झाला की वर्नाने बैठकीत पाऊल ठेवायचं नाही, असा कायदा झाला. आमच्याकडे याला कुणी वेडेपणा म्हणत नाही. एकाची बायको तळघरात बसते, एकाचा बाप मोजे धुवू देत नाही.

"मी जिंकून देते तर मला पगार द्या," वर्ना म्हणाली.

"देऊ की," एमिल म्हणाला. "आधी जिंकून दे."

ती हसली आणि तिने मला फ्रिजवरून खाली, ओट्यावर घेतलं. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी ती कणीक लाटायची आणि मी तिला सामना सांगायचो. भिंतीपलीकडे तिचा नवरा तोच सामना बघायचा. एकच सामना, दोन खोल्या. अशी किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. वर्नानेही मोजली नसावीत. पण कधी कधी बैठकीत मोठा हशा झाला की तिचं लाटणं थांबायचं.

पुढे घरात चपटा टीव्ही आला आणि एक गंमत झाली. जुना टीव्ही माझ्याबरोबरीने चालायचा. या नव्या टीव्हीचं चित्र मात्र कुठे कुठे फिरून येतं देव जाणे, मी सांगितलेली गोष्ट त्यावर काही क्षण उशिरा दिसते. वर्ना आत "अरे देवा!" म्हणायची आणि बैठकीत अजून काहीच घडलेलं नसायचं.

"वर्ना! आधी ओरडू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!"

"मग काय तोंडात फडकं कोंबू?"

"कोंब!"

आणि ती खरंच ॲप्रनचं टोक दातांत धरायची. मित्रांनो, टाळ्यासुद्धा तिने कणकेच्या हातांनी, आवाज न करता वाजवल्या.

आता पिकेटबद्दल. ल्यूथर पिकेट आमच्याच गावचा. राज्याच्या संघात तो डाव्या बाजूचा राखणदार झाला. चेंडू फेकणाऱ्याच्या पाठीमागून, त्याला न दिसणाऱ्या बाजूने जे धावून येतात, त्यांना अडवणारा. चेंडू त्याच्या हाती कधी येत नाही, त्यामुळे नावही कुणाच्या तोंडी येत नाही. एमिलच्या तोंडी मात्र तेवढंच नाव. जाणकार म्हणाले, त्याचे हात आखूड आहेत, पगारी संघ त्याला घ्यायचे नाहीत.

"हात मोजणाऱ्यांनी शिंप्याचं दुकान काढावं," एमिल गरजला. "वसंतात हा पोरगा निवडीच्या पहिल्याच फेरीत गेला नाही, तर मी फुटबॉलवर बोलणं सोडीन."

"देवा, हात अजून आखूड कर रे," ऑगी म्हणाला.

आमच्या खोऱ्यात सोमवारी सकाळी माझ्यावर एक कार्यक्रम लागतो. लोक फोन करतात आणि शनिवार-रविवारच्या सामन्यांवर मतं देतात. एमिल दर सोमवारी फोन करायचा. फोन बैठकीत आणि मी आत, तरी माझं बोलणं त्या फोनमध्ये शिरू नये म्हणून वर्ना माझा आवाज अगदी बारीक करून कान माझ्या जाळीला लावायची. भिंतीपलीकडून नवऱ्याचा खरा आवाज यायचा आणि माझ्यातून सगळ्या खोऱ्याला ऐकू जाणारा. तिला माझ्यातला जास्त आवडायचा, असा माझा समज आहे.

या हिवाळ्याआधीच्या एका सोमवारी कार्यक्रमवाला म्हणाला, "बोला, नदीकाठचे एमिल! काय म्हणतात पाय?"

एमिल खुशीत होता. "शनिवारी पिकेटचे पाय पाहिलेत? मांजर! नुसतं मांजर! मागे सरकताना एकदाही टाच टेकली नाही पोराची."

मग कार्यक्रमवाला हसायला लागला. "एमिल, पिकेटचा घोटा मुरगळलाय. शनिवारी तो अंगात स्वेटर घालून कडेला उभा होता. तुम्ही कौतुक करताय त्या बदली पोराने तीन वेळा माणूस सोडला! कुठला सामना पाहिलात हो?"

आणि मित्रांनो, ते हसू मलाच सगळ्या खोऱ्यात पोचवावं लागलं. माझ्या धंद्यात निवड नसते.

वर्ना हसली नाही. पिकेट खेळत नाही हे मी शनिवारी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं होतं. तिला ठाऊक होतं. एमिल टीव्हीपासून दोन हातांच्या अंतरावर बसून होता, त्याला ठाऊक नव्हतं. तिने माझ्या जाळीवरून कान काढला आणि ओट्याकडे पाहत राहिली. तिथे सकाळी एमिलने ओतलेली कॉफी होती. थोडी कपात, बरीचशी ओट्यावर. त्याला धांदरट म्हणून ती तासाभरापूर्वी रागावली होती.

त्या दुपारी ती बैठकीत गेली. मला तिचा आवाज ऐकू आला.

"एमिल, मी कोणत्या रंगाचं घातलंय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग ना."

शेवटी तो म्हणाला, "कडेकडेचं दिसतं गं. मधोमधच धूर आहे. बघायला गेलं की नेमकं तेच पुसलं जातं."

डॉक्टरने तपासलं. गेलेलं परत यायचं नाही, राहिलेलं सांभाळायला इंजेक्शनं घ्या, म्हणाला. एमिल इंजेक्शनांना निमूट गेला, पण सोमवारचा फोन बंद झाला. शनिवारी टीव्हीही लागेना. ऑगी आला आणि मुद्दाम म्हणाला, "पिकेटचे हात फार आखूड आहेत बुवा." एमिल म्हणाला, "असतील." ऑगी पिरोगी न खाता घरी गेला. घर इतकं गप्प झालं की मला माझीच खरखर ऐकू येऊ लागली. वर्नाला नवऱ्याच्या डोळ्यांपेक्षा या 'असतील'ची जास्त भीती वाटली. कधी कशाला 'असेल' म्हणणारा माणूसच नव्हता तो.

मग शेजारच्या राज्याशी सामना आला. वर्षातला सगळ्यात मोठा. पिकेटचा घोटा बरा झाला होता. बाराच्या सुमाराला वर्नाने हात धुतले, माझी तार भिंतीतून उपसली आणि मला कडेवर घेऊन ती बैठकीत गेली. इतक्या वर्षांत मी ती खोली पहिल्यांदा पाहिली. ऑगी पलंगाच्या कडेला बसला होता. तो उभाच राहिला.

"वर्ना! आज? आजच्या दिवशी तू आत?"

"हो."

"अगं, हरू ना आपण!"

"हरू." तिने मला टीव्हीजवळ ठेवून माझी तार जोडली, टीव्ही लावून त्याचा आवाज बंद केला आणि एमिलच्या खुर्चीला खुर्ची भिडवून बसली.

एमिल म्हणाला, "मला दिसत नाही, वर्ना. कशाला हा खटाटोप?"

"तुला कोण बघायला सांगतंय? मी बघते. पाय कसे बघायचे ते सांग."

आणि मग त्या उशिरा येणाऱ्या चित्राचा पहिल्यांदा उपयोग झाला. मी आधी सांगायचो: डावीकडून माणूस धावून आला, पिकेटने अडवला. पडद्यावर ते अजून व्हायचं असायचं. तेवढ्या वेळात एमिल म्हणायचा, "डावा पाय बघ, डावा!" आणि वर्ना चेंडू सोडून तिथेच नजर रोवायची.

"डावा मागे गेला. लहानसं पाऊल. आता उजवा."

"पाय एकमेकांत अडकले?"

"नाही. आपण ओल्या फरशीवरून कसे जातो, तसा चालला."

"ओली फरशी!" एमिलने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "ऑगी, ऐकलंस? चाळीस वर्षं मी शब्द शोधतोय!"

"टाच टेकली होती," ऑगी म्हणाला.

"नाही टेकली," वर्ना म्हणाली. "चष्मा लाव."

ऑगीने मुकाट्याने चष्मा लावला.

सामना हरलो, मित्रांनो. अगदी शेवटी, एका गुणाने. दोन खांबांमधून गेला असता तर जिंकलो असतो, असा आमचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. मला ते सर्वांत आधी सांगावं लागलं, आणि पडद्यावर चेंडू अजून हवेत असतानाच त्या खोलीत तिघांचे चेहरे उतरले. वर्नाने गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठली.

"कुठे निघालीस?" एमिल म्हणाला.

"कोबी बघते."

"जळू दे कोबी. त्या शेवटच्या डावात पिकेट हलला का?"

"जागचा नाही."

"म्हणजे त्याच्या बाजूने कुणी घुसलं नाही."

"नाही. उजवीकडून घुसले."

"बघ! बस खाली."

ऑगी पुटपुटला, "मी आधीच म्हटलं होतं. बाई आत आली की..."

"खरंय," एमिल म्हणाला. "या खोलीत कुणीतरी अपशकुनी आहे. पुढच्या शनिवारपासून ऑगी, तू स्वयंपाकघरात बसायचं."

सोमवारी त्याने फोन लावला. कार्यक्रमवाला जरा चाचरतच बोलला. एमिल म्हणाला, "हे बघा, मला आता दिसत नाही. बायको बघते, मत मी देतो. तुमच्याकडे तर एकच माणूस दोन्ही कामं करतो, म्हणून तुमची मतं अशी." आणि त्याने पिकेटच्या पायांबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. वर्ना शेजारी बसून दोनदा म्हणाली, "लहानसं पाऊल, एमिल, लहानसं," आणि तेही सगळ्या खोऱ्याने ऐकलं.

वसंत अजून यायचाय. पिकेटला कुणी उचलतं की नाही, मला माहीत नाही. ऑगीने ओट्यापाशी एक स्टूल ओढून घेतलं आहे आणि पिरोगी संपवत तिथूनच उलट ओरडतो.

मित्रांनो, म्हाताऱ्या रेडिओची कुणाला फार गरज उरलेली नाही. माझी कुरकूर नाही. जमलं तर जाळीवरची धूळ तेवढी फुंका. पण तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याला आता नीट दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, आणि जे अजूनही विचारतं, "काय झालं रे?" त्यांना नुसता निकाल सांगून उठू नका. तो मीही सांगतो. तुम्ही त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावा आणि पाऊल कसं पडलं, ते सांगा.