हिरामणबद्दलच्या तीन ओळी

मी एक पोस्ट बोलतेय. तीन ओळींची. मला दिवाळे गावच्या कमळाकरांनी लिहिलं.

खाडीत मासे मरून वर आले, की कमळाकर त्यांचे फोटो एका मोठ्या, सगळ्यांच्या फोनात असलेल्या ॲपवर टाकायचे. एक दिवस त्यांचं पानच बंद झालं. महाप्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, नमितानं, मग नव्या ठिकाणी खातं काढून दिलं.

"बाबा, याला कोणी एक मालक नाही. लिहिलेलं हजारो कॉम्प्युटरवर साखळीसारखं एकमेकांत अडकून राहतं. कोणी पुसू शकत नाही."

त्या खात्यावर पहिली मीच.

'माझा पान हिरामननं तक्रार करून बंद पारला. वीस वर्सा एका होरीत बसलो. तो खबरी हाय.'

हिरामण त्यांचा होडीतला जोडीदार. असले फोटो टाकलेस तर आपल्या मासळीला गिऱ्हाईक राहणार नाही, म्हणून तो भांडला होता खरा. तेवढ्या संशयावरून मी लिहिली गेले.

लोकांनी माझे स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर फिरवले. बाजारात हिरामणच्या बायकोशेजारी टोपली मांडायला कोणी तयार होईना. दोन महिन्यांत ती दोघं मोऱ्याला लेकीकडे राहायला गेली.

मग त्या मोठ्या कंपनीचा मेल आला. तक्रार कोणाचीच नव्हती. मेलेल्या माशांचे फोटो त्यांच्या मशीनला हिंसक वाटले होते.

"ही कारून टाक," कमळाकर नमिताला म्हणाले.

"नाही निघत, बाबा."

"मीच लिवलीय ना?"

त्यांनी मला अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरलं. मला काही झालं नाही.

माझ्याखाली त्यांनी चार ओळींची माफी लिहिली. ती चौघांनी वाचली.

शेवटी ते मोऱ्याला गेले. हिरामण धक्क्यावर जाळं शिवत होता. कमळाकरांनी फोन पुढे केला.

"चष्मा नाय," तो म्हणाला. "तूच वाच."

कमळाकरांनी मला मोठ्यानं वाचलं. शेजारचे दोघे वळून बघायला लागले.

"खाली अजून हाय," कमळाकर म्हणाले.

"असूदे." हिरामणनं दोरा दातानं तोडला. "जा. बस चुकंल तुजी."

कमळाकर आता काहीच लिहीत नाहीत. मी आहे तिथंच आहे. मला वाईट वाटतं की नाही, ते सांगता येत नाही. पण कधी तुमच्यासमोर आले, तर मला वाचून थांबू नका. खाली अजून चार ओळी आहेत.