नऊ नंबरचं वळण

"नऊ नंबर बोलतोय. पाऊस आला!" फिरमिन स्वयंपाकघरातल्या फोनमध्ये ओरडला.

"कोण नऊ नंबर?" नियंत्रण कक्षातला आवाज कोवळा होता. "आजोबा, आता शर्यतीच्या रस्त्यावर सहाच चौक्या आहेत. आणि इथं तर लख्ख ऊन पडलंय!"

"अरे लेका, दहा मिनिटांत तिकडं येईल! गाड्या आत घे, चाकं बदलायला लाव..."

पलीकडून फोन आपटला गेला.

फिरमिन पेशाने पोस्टमन. पण सव्वीस वर्षं मोटारींच्या शर्यतीच्या दिवशी तो घरासमोरच्या वळणावर धोक्याचं पिवळं निशाण घेऊन उभा राहिला होता. आर्देनच्या जंगलातला तेरा किलोमीटरचा तो रस्ता भलता लहरी. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला धो धो. पाऊस नेहमी पश्चिमेकडून यायचा, आधी इथे, मग टेकडीपलीकडच्या उतारावर. फिरमिन डांबराला तळवा लावायचा, फोन करायचा, आणि पलीकडे सगळे सावध व्हायचे. यंदा शहाण्या अभियंत्यांनी जुना रस्ता धोक्याचा ठरवून शर्यतीतून अर्धा कापला. कापलेल्या अर्ध्यात हे वळणही गेलं. पाऊस पहिल्यांदा कुठे पडतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"नाव तरी सांगायचंस!" बायको, ओदेत, चिडून म्हणाली. "नंबर काय सांगत बसलास?"

त्या फोनवर सव्वीस वर्षांत त्याने नाव कधी सांगितलंच नव्हतं. त्याने पुन्हा नंबर फिरवला, पुन्हा फिरवला. लाइन लागेना.

तो अंगणात धावला. पाऊस टेकडी चढत होता आणि पलीकडे इंजिनं गरजत होती, कोरड्या रस्त्यासाठीच्या, ओल्यावर घसरणाऱ्या गुळगुळीत चाकांवर. मग कर्कश किंकाळीसारखा आवाज आला, पाठोपाठ धडाका. आणखी एक. आणि सगळी इंजिनं थांबली. इतकी शांतता त्याने शर्यतीच्या दिवशी कधी ऐकली नव्हती. तो ओल्या पायरीवर मटकन बसला.

आत फोन वाजला. ओदेतने तो उचलला आणि पांढऱ्या चेहऱ्याने त्याच्यापुढे धरला. नियंत्रण कक्षातला तोच पोरगा होता. कुणा जुन्या माणसाकडून त्याने घरचा नंबर मिळवला असावा. तो रडत होता.

"नऊ नंबर... रुग्णवाहिका तुमच्याच जुन्या रस्त्यानं उतरवायच्यात. तिकडं पाऊस थांबला का?"

फिरमिन उठला. भिजत रस्त्यावर गेला, वाकून डांबराला तळवा लावला आणि परत आला.

"नाही," तो म्हणाला. "सावकाश आणायला सांग."