लाल ठिपक्याचा ग्लास

दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा दिनानाथच्या नाकात डेटॉलचा वास शिरला. पहिलीलाही तसाच आला होता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या दवाखान्याच्या संडासात, एक हात भिंतीला टेकवून तो उभा होता. आत्ताच डॉक्टरांनी त्याला कुशीवर निजवून, मागून बोट घालून आतली ग्रंथी दाबली होती. उभ्या आयुष्यात त्याच्या अंगाला असा कोणी हात लावला नव्हता. आता होईल त्या लघवीची पहिली धार दुसऱ्या बाटलीत धरायची होती. लॅबच्या बाटल्या, म्हणजे औषधाने धुतलेल्या असणारच, असं त्याने मनाशी म्हटलं, बाटली भरली आणि झाकण घट्ट लावून बाहेर आला.

बाहेर बाकावर त्याची बायको बनूबाई बसली होती. तिने बाटल्यांकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. लघवीच्या वाटेवर प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिथे जंतू घर करून बसले असावेत. एक बाटली दाबण्याआधीची, एक नंतरची. दुसरीत जंतू जास्त निघाले की ते तिथलेच. मग कोणता जंतू ते ओळखायचं आणि त्याला मारणारं औषध द्यायचं. दिनानाथला ते पटलं. पूर्वी तो कामाला होता त्या कंपनीत बिघाड शोधायची हीच रीत होती. आधी या बाजूचा नळ बंद करून बघायचं, मग त्या बाजूचा.

कंपनीतली नोकरी सुटल्यावर तो पालेगावच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून बसत होता. थंडी वाजून ताप आला, लघवीला आग होऊ लागली, खुर्चीवर बसलं की खाली निखारा ठेवल्यासारखं वाटू लागलं. दर थोड्या वेळाने पंपाच्या खोलीमागे जावं लागे. सोसायटीतल्या कोणीतरी त्याच्या रिकाम्या खुर्चीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘अंकल कहाँ है?’ तो फोटो सुपरवायझरने त्यालाच दाखवला.

घरात निराळं सुरू झालं होतं. सून किर्तीने मोबाईलवर वाचून सासूला सांगितलं की आजार जंतूंचा आहे, आणि घरात नात मैत्रेयी लहान आहे. बनूबाईने मग दिनानाथची बादली, साबण, टॉवेल वेगळे केले. त्याच्या हाताखालचं सगळं ती डेटॉलने धुऊ लागली. किर्तीने त्याच्या ग्लासाच्या कडेजवळ नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि ग्लास खिडकीत ठेवला. मुलगा मिलिंद म्हणाला, “बाबा, टेन्शन नका घेऊ. हायजीनसाठी आहे.”

गावी हॉटेलच्या वळचणीला ठेवलेली कान तुटलेली कपबशी दिनानाथने वापरली होती. आपल्या हाताने धुवायची आणि परत वळचणीला ठेवायची. पाणी तर ओंजळीतच, तेही वरून. ते सोडूनच तो अंबरनाथला आला होता. कंपनीच्या कँटीनमध्ये पहिल्यांदा सगळ्यांच्यातला ग्लास उचलला, तेव्हा कोणी बघतंय का म्हणून त्याने मागे वळून पाहिलं होतं. कोणी बघत नव्हतं. त्या पाण्याची चव त्याला अजून आठवत होती.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. लघवीत पू आहे, म्हणाले, पण जंतू एकही उगवला नाही. दोन्ही बाटल्या कोऱ्या. काही जंतू लॅबच्या ताटलीत उगवतच नाहीत, ते वेगळ्या जातीचे असतात. मग त्यांनी पेन खाली ठेवला.

“बाबा, बाहेर कुठे जाता का? बाई वगैरे? शरमायचं नाही, सच बोलो.”

“नाय साहेब.”

“पक्का? पहिले कधी?”

“नाय.”

बनूबाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. डॉक्टरांनी दोघांच्याही नावाने गोळ्या लिहिल्या. तसले जंतू असतील तर नवरा-बायकोने बरोबरच घ्यायच्या असतात, म्हणाले, खबरदारी म्हणून.

बनूबाईने गोळ्या घेतल्या. रोज जेवणानंतर, भिंतीकडे तोंड करून. तिला मळमळायचं. एकदा मोरीत ओकून आली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“रात्रपाळी, रात्रपाळी म्हणत होता. मी डबा भरून देत होते.”

दिनानाथने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे हात केला. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, “त्यांना मधे आणू नका.”

त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची ती मैत्रेयीच्या तोंडून. आजोबांना सांग, जेवण वाढलंय. आजोबांना सांग, पाणी गेलंय. रविवारी विहारात ती किर्तीबरोबर पुढे निघून जायची. बेलवलीहून तिची बहीण आली, दोघी दार लोटून बोलत बसल्या, आणि जाताना बहिणीने त्याला नमस्कारसुद्धा केला नाही. दुखणं तो सोसत होता. पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको आपल्याला तसला माणूस समजते, हे खुर्चीवर बसू देत नव्हतं आणि उठूही देत नव्हतं. एकच वाट होती. त्या जंतूचं नाव सापडायला हवं होतं.

गोळ्या संपल्या. आग तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस सगळी औषधं बंद ठेवा, मग परत दोन बाटल्या भरू. ते दिवस दिनानाथने गेटवर टायरची ट्यूब ढुंगणाखाली घेऊन काढले. पोरं हसायची. तोही हसायचा.

ड्युटी संपवून तो बाटल्या आणायला लॅबमध्ये गेला. तिथे अनुया नावाची मुलगी होती. बाटल्या देताना म्हणाली, “काका, डॉक्टरकडेच उघडा हां. घरी नेऊन धुऊबिऊ नका. आमच्याकडे एक जण फिनेलने धुऊन घेऊन आला होता. आतले जंतू सगळे खल्लास. रिपोर्ट एकदम ब्लँक. मग डॉक्टर आम्हाला ओरडतात.”

दिनानाथ बाटल्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. मागच्या वेळी त्याने बाटल्या आदल्या संध्याकाळी घरी नेल्या होत्या. सकाळी त्या मोरीच्या कट्ट्यावर उपड्या घातलेल्या होत्या, त्याच्या ग्लासाशेजारी. त्याने पाहिलं होतं, आणि काही वाटलं नव्हतं.

“तुम्ही नव्हत्या ना धुतल्या?” अनुयाने विचारलं.

“नाय,” दिनानाथ म्हणाला. “घरात कोण धुणार.”

या वेळी बाटल्या घरी गेल्या नाहीत. पालेगावच्या गेटवरच्या केबिनमध्ये, काठीच्या मागे, पिशवीत राहिल्या. तिथून दवाखान्यात. पुन्हा कुशीवर निजणं, पुन्हा भिंतीला टेकवलेला हात. बाटलीला कसलाच वास नव्हता.

रिपोर्टच्या दिवशी त्याने बनूबाईला चल म्हटलं. ती म्हणाली, मी कशाला. तो दारातच उभा राहिला. शेवटी तिने चपला घातल्या.

“सापडला,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या बाटलीत भरपूर आहे. ई कोलाय.”

“म्हणजे कोण, साहेब?”

“आतड्यातला जंतू. सगळ्यांच्या पोटात असतो. माझ्या, तुमच्या, ह्या मावशींच्या. वाट चुकून तिकडे गेला की त्रास देतो.”

“बाहेर जाऊन लागतो का हा? बाईकडून?” दिनानाथने मुद्दाम मोठ्याने विचारलं. “तिला ऐकू द्या.”

“अरे नाही हो. कोणी सांगितलं तुम्हाला?” डॉक्टर खरंच चकित झाले होते. आपणच काय विचारलं होतं ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मागच्या गोळ्यांना हा जंतू दाद देत नाही, आता दुसरं औषध देतो, बरेच दिवस घ्यावं लागेल, असं सांगत ते लिहू लागले. लिहिता लिहिताच म्हणाले, “पहिल्या वेळी का नाही आला, समजत नाही. बाटलीत काहीतरी गेलं असणार. साबण, डेटॉल, असलं काही. लोक धुऊन आणतात.”

दिनानाथने बनूबाईकडे पाहिलं नाही. तिच्या बांगड्या टेबलाला लागून वाजल्या तेवढं ऐकलं.

अंबरनाथच्या शेअर रिक्षात ती त्याच्याशेजारी बसली. तिसरा माणूस वाटेत उतरला, तरी ती सरकली नाही.

“बाटल्या मी धुतल्या होत्या,” ती म्हणाली.

“म्हाईत आहे.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या आणायला गेलो तेव्हापासून.”

“मग बोलला का नाही?”

“तू विचारलं होतंस का काही?”

रिक्षावाला मोबाईलवर कोणाशी तरी सिंधीत भांडत होता. बनूबाई रडली असेल, नसेल. तिने तोंड बाहेर केलं होतं आणि वाऱ्याने पदर तोंडावर येत होता.

घरी पोचल्यावर ती चपला काढून तडक आत गेली. तिने खिडकीतला ग्लास घेतला आणि मोरीत बसून नखाने, मग तारेच्या घासणीने लाल ठिपका खरवडला. किर्ती स्वयंपाकघराच्या दारात आली, सासूकडे बघितलं आणि काही न विचारता मागे फिरली. बनूबाईने ग्लास घासला, विसळला, माठातल्या थंड पाण्याने भरला. जिथे ठिपका होता तिथे स्टील पांढुरकं झालं होतं.

“अहो,” ती म्हणाली. फार दिवसांनी तिने हाक मारली होती. “पाणी घ्या.”

दिनानाथने शर्ट खुंटीला अडकवला. तो तिच्याजवळून मोरीत गेला आणि नळ सोडला. खाली वाकला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पाणी प्यायला. लहानपणी पीत होता तसा, कोपरांवरून ओघळ सांडत. मग त्याने नळ नीट बंद केला.

बनूबाई भरलेला ग्लास धरून तिथेच उभी होती.