कारखान्यातली पाहुणी

भिवंडीत लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी असते, शनिवार-रविवारी नाही, हे अदीबाने दिशाला फोनवर तीनदा समजावलं होतं. तरी शनिवारी सकाळी मामाच्या मोटरसायकलवरून उतरता उतरता दिशाने विचारलंच, "अगं, आज शनिवार ना? मग हा आवाज कसला?"

"हाच तो आवाज," अदीबा म्हणाली. "पाहुण्यांना ऐकू येतो. आम्हाला तो बंद झाला की ऐकू येतो."

"विचित्रच आहे तुमचं शहर!" दिशा हसली. अदीबाही हसली. तिला ते कौतुकच वाटलं.

दिशा नाशिकची. मे महिन्यात इगतपुरीच्या विज्ञान शिबिरात दोघी पाच दिवस एका खोलीत होत्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर प्रयोग समजावून सांगताना दिशाची जीभ अडखळली, मुलं खिदळायला लागली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा अदीबा न बोलावता उठून तिच्या शेजारी उभी राहिली आणि अर्धा प्रयोग तिने सांगितला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलं. आता दिवाळीच्या सुट्टीत दिशा पडघ्याला मनोजमामाकडे आली होती. मामा तिथल्या एका गोदामात नोकरीला होते. दोन दिवस सकाळी ते तिला सोडणार आणि संध्याकाळी घेऊन जाणार, असं ठरलं होतं.

अदीबाने महिनाभर खपून एक यादी केली होती. दोन दिवसांत काय काय करायचं, हिरव्या पेनाने, क्रमांक घालून. अम्मीच्या हातचं सांदण खायचं. वऱ्हाळा तलावावर जायचं. ज्या हॉटेलात वेटर एका दमात चार भाषांत ऑर्डर सांगतो, तिथे चहा प्यायचा. रविवारी अकलोलीच्या गरम कुंडात पाय बुडवायचे. आणि यादीत सगळ्यात वर होता अब्बांचा कारखाना.

त्या एका ओळीसाठी तिला आठवडाभर अब्बांच्या मागे लागावं लागलं होतं. कारण दिशाला तिथे व्हिडिओ काढायचा होता. "माझ्या मैत्रिणीचं गाव, अशी फिल्म करतेय शाळेसाठी," ती फोनवर म्हणाली होती. आणि यहयाभाईंच्या, म्हणजे अदीबाच्या अब्बांच्या वीस लूमच्या कारखान्यात कॅमेऱ्याला बंदी होती. दोन वर्षांपूर्वी एक माणूस 'तुमची कला जगाला दाखवतो' म्हणून आला, दिवसभर चहा प्यायला आणि मग त्याने कोपऱ्यातला कचरा आणि कारागिरांच्या फाटक्या बनियन तेवढ्या जगाला दाखवल्या. तो व्हिडिओ फिरत फिरत थेट उत्तर प्रदेशातल्या मऊला, रहमतुल्लाचाचांच्या मुलीच्या सासरी पोहोचला होता.

"दिशा तशी नाही, अब्बा. तिची जबाबदारी माझी," अदीबा म्हणाली होती.

"मला काय सांगतेस? चेहरा कारागिरांचा आहे. त्यांना विचार."

रहमतुल्लाचाचा कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. चाळीस वर्षं लूमवर काढली, त्यात कान गेले. त्यांनी अदीबाचं सगळं म्हणणं तिच्या ओठांकडे बघत ऐकून घेतलं आणि सवयीप्रमाणे मोठ्याने ओरडून उत्तर दिलं, "तू बोलती है ना? मग माझा हाँ!"

आणि शनिवारी चाचा ईदचा पांढरा कुर्ता घालून ड्युटीवर आले. कापसाच्या धुळीत पांढरा कुर्ता! बाकीचे कारागीर त्यांना चिडवत होते. "चाचा, निकाह किसका है?"

"तुम्हारे बाप का!" चाचा गरजले. मग अदीबाला जवळ बोलावून म्हणाले, "बेटी, कॅमेऱ्यात सफेद बरोबर दिसतो ना?"

"एकदम हिरो, चाचा."

आता, लूमच्या कारखान्यात तुम्ही कधी उभे राहिला नसाल, तर एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. वीस लूम एकदम चालू असताना आत शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं दोन प्रकारे बोलतात. एक हातांनी: दोन बोटं पिळली की धागा तुटला, मूठ तोंडाकडे नेली की चहा आला, डोक्यावर हात ठेवला की मालक येताहेत, सावध! आणि दुसरं ओठांनी. आवाज न काढता शब्द सावकाश उच्चारायचे, समोरच्याने ते डोळ्यांनी वाचायचे. हे कुणी कुणाला शिकवत नाही. अदीबा चार वर्षांची असल्यापासून अब्बांचा डबा घेऊन तिथे जायची. घरातलं बोलणं जसं तिला आलं, तसंच हेही आलं. ओठ वाचता येणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं तिच्या कधी मनातच आलं नाही. म्हणून तिने ते दिशाला सांगितलं नव्हतं.

आत शिरताच दिशाने कानांवर हात ठेवले. मग तिने काठीवर मोबाइल बसवला, फ्रॉकच्या कॉलरवरचा इवलासा माइक तोंडाशी धरला आणि दोन लूमच्या मधल्या वाटेत उभी राहून मोबाइलकडे बघत बोलू लागली. तिच्या मागे चाचा काम करत होते. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत होता. मध्येच एक धागा तुटला. चाचांनी लूम थांबवला, डोळ्याची पापणी लवायच्या आत गाठ मारली आणि लूम पुन्हा सुरू केला. गाठ कुठे पडली ते अदीबालाही दिसलं नाही. 'दिशा, हे घे, हे घे,' ती पलीकडच्या लूमपासून खुणेने सांगत होती.

दिशाने वळून मोबाइल चाचांकडे धरला आणि तिचं तोंड अदीबाच्या अगदी समोर आलं.

"तर मंडळी, ही आहे बहिऱ्यांची शाळा," दिशाचे ओठ म्हणाले. "इथे सगळे माकडांसारखे हातवारे करून बोलतात. आणि हे आजोबा बघा, शूटिंगसाठी खास नटून आलेत! त्यांना वाटतंय, मी त्यांचं कौतुक करतेय."

एवढं म्हणून दिशाने चाचांकडे बघून गोड हसत हात हलवला. चाचाही हसले. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

अदीबाला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. ब, म, प ओठांवर सारखेच दिसतात, मोठ्या माणसांचीही फसगत होते. पण एखादं अक्षर चुकेल. सगळीच्या सगळी वाक्यं कशी चुकतील?

बाहेर आल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत काय बोलत होतीस गं?"

"काही नाही. चाचा किती मेहनती आहेत, त्यांचे हात किती भराभर चालतात, असंच." दिशाने तिच्या गळ्यात हात टाकला. "आता कुठे? तो चार भाषांचा वेटर ना?"

गळ्यातला तो हात अदीबाला जड झाला. माणूस रागाच्या भरात किंवा थट्टेत काही बोलून जातो, तेही तिने एक वेळ समजून घेतलं असतं. पण हे तर इतक्या सहज आलं होतं, की शिबिरातल्या पाच दिवसांत दिशा आणखी काय काय असंच सहज बोलली असेल, याचा हिशोब अदीबाचं मन आपोआप मांडायला लागलं. तरी तिने वेटर दाखवला. तलाव दाखवला. यादीतल्या ओळी एकेक करून खोडल्या. दिशा प्रत्येक ठिकाणी माइक तोंडाशी धरून बोलत होती आणि अदीबा प्रत्येक वेळी दुसरीकडे बघत होती. तिला वाचायचं नव्हतं.

रविवारी नूरी, म्हणजे अम्मी, दोघींना घेऊन एसटीने अकलोलीला गेली. कुंडाच्या पायरीवर बसून अम्मी एका ओळखीच्या बाईशी गप्पा मारू लागली. दिशाने पाण्यात पायाचा अंगठा घातला आणि किंचाळून बाहेर काढला.

"हळूहळू घाल," अदीबा म्हणाली. मग पाण्याकडेच बघत म्हणाली, "दिशा, काल कारखान्यात तू काय बोललीस ते मला पुन्हा सांग ना."

"किती वेळा विचारशील? चाचांचं कौतुक केलं म्हटलं ना."

"बहिऱ्यांची शाळा म्हणून?"

दिशाचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं? तिथे तर काहीच ऐकू येत नव्हतं!"

"मी ओठ वाचते. आमच्याकडे सगळ्यांनाच येतं."

"म्हणजे तू चोरून वाचत होतीस?" दिशा एकदम तडकली. "हे बरं आहे! मला आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? तोंड फिरवून बोलली असतीस?"

दिशाने पुन्हा अंगठा पाण्याला लावून पाहिला. मग लाडीगोडीने म्हणाली, "अगं, मनावर काय घेतेस? सुट्टीतली स्पर्धा आहे आमच्या शाळेची. विषयच आहे 'विचित्र शहरातला एक दिवस'. हसू आलं नाही तर कोण बघणार? सगळेच असं करतात."

"तू म्हणालीस, मैत्रिणीचं गाव."

"तसं म्हटलं नसतं तर तुझ्या अब्बांनी आत सोडलं असतं का?"

हे दिशा अगदी साधेपणाने बोलून गेली, गणितातली पायरी सांगावी तसं. अदीबाला मात्र कालच्या त्या सगळ्या वाक्यांपेक्षा हेच जास्त लागलं. अब्बा आत सोडत नाहीत, का सोडत नाहीत, हे सगळं तिनेच विश्वासाने दिशाला फोनवर सांगितलं होतं. कुलूप कुठे आहे तेही सांगितलं, आणि किल्लीही तिनेच दिली.

"तो व्हिडिओ पुसून टाक," ती म्हणाली.

"काल संध्याकाळीच शाळेला पाठवला," दिशा म्हणाली. "आज पाठवायचा शेवटचा दिवस होता. सॉरी गं. आता हस ना, सुट्टी कशाला खराब करायची?"

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या होत्या. अम्मीने दोघींना भाजलेल्या शेंगा दिल्या. दिशाने खाल्ल्या. मनोजमामा वंजारपट्टी नाक्यावर उभे होते. "काय, मजा केली की नाही?" त्यांनी विचारलं. "खूप!" दिशा म्हणाली आणि मोटरसायकलवर बसली. अदीबाने हात हलवला, कारण अम्मी बघत होती.

घरी न जाता ती कारखान्यात गेली. संध्याकाळची शिफ्ट बदलत होती. चाचा दाराबाहेर बाकावर बसले होते. आज अंगात रोजची बनियन होती. अदीबा त्यांच्या समोर, त्यांना ओठ दिसतील अशी उभी राहिली. वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. पण 'चाचा, काल दिशा' एवढंच तिच्या ओठांवर आलं.

"मालूम है बेटी," चाचा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू बोलले, निदान त्यांनी तसा प्रयत्न केला. "मी समोरच होतो ना."

"तुम्हाला कळलं होतं? सगळं?"

"मराठी पूरी नाही येत. पण बहिरा समजतो, माकड समजतो."

"मग तुम्ही हसलात का? तिला सलाम का केलात?"

"मेहमान कुणाचा होता? तुझा." चाचांनी खांदे उडवले. "मी तोंड वाकडं केलं असतं तर सगळ्या कारखान्यासमोर तुझी मान खाली गेली असती. माझं काय, मी चाळीस साल हेच ऐकतो. म्हणजे, ऐकत नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते मोठ्याने हसले.

अदीबाला हसू आलं नाही. तिला रडू कोसळलं. दिशाने फसवलं ते एक. पण तिच्या भरवशावर ज्या माणसाने कुर्ता घातला, त्याला तिची लाज राखण्यासाठी त्या थट्टेपुढे मान लववावी लागली. तेही तिच्या डोळ्यांदेखत, आणि तिला पत्ता नव्हता.

"आता काय करू, चाचा?"

चाचांनी विचार केला. "माझी बेटी सासरी आहे. तिला पुन्हा कुणी असला व्हिडिओ दाखवायला नको. जमलं तर माझा चेहरा काढायला सांग."

त्या दिवशी घरी गेल्यावर अदीबाने अब्बांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं, ओरडले असते तर बरंही वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चाचांचा 'हाँ' तू घेतला होतास. आता त्यांचा 'नाही'सुद्धा तूच पोहोचव."

तिने दिशाला फोन केला. "हो गं, सांगते बाईंना," दिशा म्हणाली. तिचा तो सूर आता अदीबाला ओळखता येत होता. चार दिवसांनी दिशाचा मेसेज आला. पहिल्या पाचात निवड झाली होती. खाली तीन लाल बदाम होते. चाचांबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग अदीबाने नाशिकच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना पत्र लिहायला घेतलं. व्हिडिओ कुठे काढला, परवानगी काय सांगून मिळवली, त्यात काय म्हटलं आहे आणि रहमतुल्लाचाचांचं काय मागणं आहे, हे सगळं नीट, कुणाला शिवी न देता. हे तिला सरळ लिहिता आलं. अडलं ते पहिल्याच ओळीला. 'तुमच्या शाळेतली दिशा ही माझी', इथपर्यंत लिहून ती थांबली. पुढे काय लिहायचं? होती लिहायचं की आहे?

अब्बा पत्र वाचायला मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ती अर्धी ओळ पाहिली आणि वाट बघत राहिले.

अदीबाने 'ही माझी' एवढे दोन शब्द खोडले. मग लिहिलं, 'तुमच्या शाळेतली दिशा शनिवारी आमच्याकडे आली होती.' आणि पत्र पुढे लिहायला लागली.