हात थरथरतो म्हणे

नोकरीच्या काळात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-मापं बनवायच्या विभागात, सगळे त्यांना गेजबाई म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यातलं ‘गेज’ गळून पडलं आणि नुसतं ‘बाई’ उरलं. कामाची खोड मात्र गेली नाही. घरामागच्या बंद केलेल्या गॅलरीत त्यांनी एक बाक, एक छोटं लेथ आणि खिडकीशी एक खुर्ची असा आपला दुसरा संसार मांडला होता. धाकटा भाऊ शिवणयंत्रांना तेल पुरवणारे पंप बनवायचा. त्या पंपांच्या बोअरवर, म्हणजे करंगळीसुद्धा शिरणार नाही अशा आतल्या भोकावर, शेवटचा हात बाईंचा. भावाकडून मजुरी घ्यायची नाही, हा हट्टही त्यांचाच.

लेथवर तांब्याची बारीक दांडी सावकाश फिरायची. तिला राखाडी पेस्ट चोळायची, वर रॉकेलचे थेंब सोडायचे आणि भोक पाडलेला पोलादी तुकडा बोटांत धरून तिच्यावर पुढे-मागे सरकवायचा. मधूनच तो उलटा फिरवायचा, नाहीतर एकाच बाजूचं तोंड फाकतं. कुठे अडतंय, कुठे सैल पडतंय, ते बोटांना आपोआप कळायचं. मग धुवायचं, तुकडा गार होऊ द्यायचा आणि त्यानंतरच माप तपासायचा गेज आत घालायचा. घाई केली की केलेलं सगळं मातीत.

तयार तुकडे भावाच्या कारखान्यात पोचवायचं काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, अबोल, सरळ गृहस्थ.

एका सकाळी खालच्या मजल्यावरचा मशीनवाला एक पंप घेऊन वर आला. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा.

“बाई, नवा कोरा पंप, पण तेल वर चढत नाही. म्हटलं, ज्यांच्या हातचा आहे त्यांनाच दाखवावा.”

बाईंनी पंप खोलला. दोऱ्याचा पुंजका अडकला होता, एवढंच. तो चिमट्याने काढला, आणि सवयीने बोअर खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी भिंग लावलं.

आत तिरप्या रेघांची जाळी चमकत होती.

त्यांच्या हातचं बोअर असं चमकत नसे. ते आतून धुक्यासारखं दिसायचं, सगळीकडे सारखं करडं, रेघ म्हणून नाही. हे काम मशीनचं होतं. वाईट नव्हतं, पण त्यांचं नव्हतं. आणि पंपावर शिक्का तर भावाचाच.

मशीनवाला गेल्यावर त्या तावातावाने स्वयंपाकघरात आल्या. “अहो, ऐकलंत का? कोणीतरी भावाच्या शिक्क्याखाली नकली माल विकतंय. आत्ताच्या आत्ता त्याला कळवायला हवं!”

मास्तर कांदा चिरत होते. सुरी थांबली. त्यांनी मान वर केली नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी ती मान ओळखली होती.

“काय झालं? बोला.”

“नकली नाही तो,” मास्तर म्हणाले. “वर्ष होत आलं. तुझा माल तुझा भाऊ वापरत नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, भाऊजी, ताईचा हात थरथरायला लागलाय, बोअर बिघडताहेत. तिला सांगू नका, ती मनाला लावून घेईल. तिला काम देत राहू, तुम्ही तुकडे परत घेऊन जात जा.”

“आणि तुम्ही ते कुठे टाकलेत?”

“टाकले नाहीत गं.”

पलंगाच्या पोटातून त्यांनी खोकी काढली. एकेक तुकडा तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेला. गंज चढू नये म्हणून. बाईंना त्या नीटनेटकेपणाचाच जास्त संताप आला. आपण तिकडे पाठ मोडून घासत होतो आणि हे इकडे त्याच कामाचं मढं सजवत होते.

त्या तडक उठल्या. खोकी गॅलरीत नेली आणि तुकडे धुऊन गेज लावायला बसल्या. गेज आत सरकायचा तो सावकाश, आतली हवा ढकलत. एक झाला, दुसरा झाला, सगळी खोकी संपली. दोन तुकडे जरा सैल निघाले. असे एखाद-दोन तर टूलरूममध्ये, ऐन उमेदीतही निघायचे. बाकी सगळे चोख.

मास्तर दारात उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला.

दुपारी दोघं कारखान्यात गेले. भाऊ एका नव्या मशीनपाशीच उभा होता. ताईच्या हातातलं खोकं पाहून त्याचं अवसान गळालं.

“गेज आण,” बाई म्हणाल्या.

“ताई, बस ना जरा. पाणी घे.”

“गेज आण म्हटलं.”

“नको गं. मला माहीत आहे ते चांगले आहेत.” तो खाली बघत पुटपुटला, “मशीन घेतलं. तू एक करतेस तोवर त्याचे ढीगभर होतात. पण तुला तोंडावर कसं सांगणार होतो? तू नसतीस तर हा कारखाना उभा राहिला नसता. भाऊजींना काहीतरी सांगणं भाग होतं, तेव्हा तोंडाला आलं ते बोललो.”

“मशीन घेतलं म्हणाला असतास तर ते बघायला मी धावत आले असते. कौतुकाने हात फिरवला असता त्यावर. ते सोडून तू माझ्या हाताचं नाव घेतलंस? केसाने गळा कापलास रे.”

भावाने डोळे पुसले. बाईंचे डोळे कोरडेच होते. त्या वळून चालू लागल्या.

रस्त्यात मास्तर मागून घाईघाईने येत म्हणाले, “तो खोटं बोलतोय हे मला कसं कळणार? मला त्यातलं काय समजतं?”

बाई थांबल्या. “त्याचं सोडा. तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवता. माझा हात थरथरतो की नाही, हे तुम्हाला दुसऱ्याने सांगावं लागलं? एकदा बघायचं तरी होतं.”



पुढे भाऊ बायकोला घेऊन घरी येऊन गेला. बाईंनी पाणी दिलं, भाचीची चौकशी केली. कामाचा विषय त्याने काढताच उठून आत गेल्या. मास्तरांशीही त्या बोलत होत्या, पण भाजी-दुधापुरतं. मशीनवाल्याने ओळखीच्या घड्याळजीचं काम आणून दिलं, तेव्हा मास्तर चाचरत म्हणाले, “पोचवायला मी जाऊ?”

“माझं मी नेईन.”

काम पुन्हा सुरू झालं. घड्याळजी खूश होता. पण पूर्वी बाई खिडकीबाहेर बघत घासायच्या, बोटं आपलं आपण बघून घ्यायची. आता त्या कोपर बाकाला टेकवून बसत आणि नजर हातावरच रोवलेली असे. हात स्थिर होता. तो स्थिर आहे ना, हे दर थोड्या वेळाने तपासल्याशिवाय मात्र त्यांना राहवत नव्हतं.