डायोक्लेशन आणि आबांची मीटिंग

इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी रोमन सम्राटांपैकी डायोक्लेशन हा माझा. वर्गात कुणी माझ्या गळ्यात मारलेला नाही, मी हात वर करून मागून घेतलेला. हे मुद्दाम सांगतेय, कारण गेल्या वर्षी मी शाळेत 'प्रेझेंट'च्या पुढे एक शब्द बोलले नव्हते. आणि आता, फेब्रुवारीत, शाळा ऑनलाइन असताना, सोमवारी सकाळी दहाला, कॅमेरा चालू ठेवून मी अख्खी पंधरा मिनिटं बोलणार होते.

अडचण एकच. आबा.

आबा म्हणजे आईचे वडील. गेल्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, कायम ढगाळ असलेल्या ब्लँचर्डस्टाउनला आले आणि विमानं बंद झाल्यावर अडकले. पुण्यातल्या त्यांच्या सोसायटीचे ते सतरा वर्षं चेअरमन. राज्य इथूनही चालूच होतं; तिकडची पाण्याची टाकी कधी धुवायची ते आमच्या वरच्या खोलीत ठरायचं. सोमवारी त्यांचीही ऑनलाइन मीटिंग होती. तिकडे दुपारी साडेतीन, म्हणजे इथे बरोब्बर दहा.

आमचं वायफाय दोन व्हिडिओ कॉल झेपवतं. तिसरा सुरू झाला की सगळे तोंड उघडं ठेवून गोठतात. एक कॉल आईच्या ऑफिसचा, तो हलणारा नव्हता. आबांना वेळ बदला म्हटलं, तर म्हणाले, अकरा बिऱ्हाडांना एकत्र आणायला महिना लागलाय.

मग रविवारी चहाबरोबर मी त्यांना सम्राटच पाजला. साध्या घरातला माणूस, सैन्यात वर चढत चढत सम्राट झाला. राज्य एकट्याला आवरेना म्हणून चौघांत वाटलं. वीस वर्षांनी आपणहून गादी सोडली आणि समुद्राकाठी कोबी लावला. लोक परत बोलवायला आले, तर म्हणे, आधी माझा कोबी बघा, मग परत ये म्हणायचं धाडस होणार नाही.

"आणि हा गेल्यावर राज्याचं काय झालं?" आबांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण अभ्यास माझा होता. "मारामाऱ्या. याच्या बायकोला आणि मुलीलासुद्धा मारलं."

"बघ." आबांनी बिस्कीट बुडवलं. "कोबी लावत बसला, अजून काय होणार."

सोमवारी चौथ्या स्लाइडला मी गोठले. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, सम्राट झोपले. वरून आबा खणखणीत आवाजात लिफ्टचा ठराव वाचत होते. माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर गेलं. बंद केला की झालं, पुन्हा गेल्या वर्षीची मी.

मी उठून जिन्याशी गेले. "आबा, मला बोलायचंय."

वरचा आवाज थांबला. नेट आलं. मी कोबीपर्यंत पोचले तेव्हा बाई हसून हसून डोळे पुसत होत्या, आणि चॅटमध्ये 'ग्रँड', म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', हा शब्द मी चार वेळा मोजला.

वर गेले तर आबा ताठ बसलेले. "राजीनामा नाही हं. पंधरा मिनिटं तहकूब केली फक्त."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ग्रुपवर सेक्रेटरी नरेशकाकांचा मेसेज: चेअरमन निघून गेल्याने मीटिंग मी पुढे चालवली, लिफ्टचा ठराव मंजूर, सतरा वर्षांच्या सेवेबद्दल आबांचे आभार.

"आता नेट मोकळंय," मी म्हटलं. "परत जॉइन व्हा, ओरडा."

आबांनी मेसेज दोनदा वाचला. मग फोन उलटा ठेवून खिडकीतून आमच्या मागच्या बागेकडे बघत राहिले.

"कोबीला ऊन किती लागतं गं?"

"इथे? मिळेल तेवढं."