मामांचा झेंडू करणारी लेन्स

मी एक लेन्स बोलतेय. साधीसुधी नाही, चेहरे टिपणारी. गिऱ्हाइकं मला 'पंच्याऐंशी' म्हणतात. ते माझं वय नाही, मिलिमीटरमधलं माप आहे, तेव्हा उगाच वाकून नमस्कार करू नका.

माझ्या पोटात अकरा काचा आहेत. एकेक काच घासता घासता एकेक कारागीर म्हातारा झाला, असं मी कपाटातल्या इतर लेन्सांना सांगत असे. खरं म्हणजे मी यंत्रावर तयार झाले आणि थर्माकोलमध्ये झोपून जहाजानं आले. पण झोपेची गोष्ट कोण ऐकणार? मकबऱ्याच्या मिनारावर बसलेली माशी मी दुकानात बसून ओळखली, ही अफवाही माझीच. शेजारच्या झूम लेन्सनं ती खरी मानली. मग मला तिला रोज त्या माशीची खुशाली सांगावी लागायची.

गुलमंडीजवळच्या एका बोळात खलीलभाईंचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. तिथं काचेच्या कपाटात मी दोन वर्षं काढली. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं, वजनानं भुवया चढवायचं आणि कॅमेऱ्याला लावून समोरच्याचा एक फोटो काढायचं. समोर कायम खलीलभाईच. या शहरातल्या निदान चारशे फोटोग्राफरांकडे त्यांचे देखणे फोटो असतील, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात एकही नाही. मग किंमत विचारली जायची. दीड लाखाच्या वरचा आकडा ऐकला की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "घर में पूछ के आता, भाई."

इतकी घरं झाली, पण एकाही घरानं हो म्हटलं नाही.

अजिनाथ मात्र घरालाच सोबत घेऊन आला. तो वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्ट करतो आणि सुटीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढतो. त्याची बायको शालू व्हिडिओ सांभाळते, अल्बम लावते आणि व्यवहारही तीच बोलते. तीन लग्नसराया राबून दोघांनी साठवलेल्या पैशात एकच वस्तू येणार होती. एक तर मी, नाहीतर माझ्या खालच्या कप्प्यातला ड्रोन.

शालूनं मला उचललं. "आगं माय! लेन्स हाय का वरवंटा?"

"चेहरा बघ की कसा येतो," अजिनाथ म्हणाला. "मागचं सगळं ब्लर."

"आवं, मागच्या डेकोरेशनला लोकांनी पैसे मोजलेले असतेत. ते पुसून दिलं तर आपल्याला पुसतील. ड्रोन नव्हता म्हणून औंदा दोन लग्नं गेली, ध्यानात हाय ना?"

"हाय."

"पुढच्या सराईत बी गेली, मग?"

तिचं खरं होतं. चुकीची वस्तू घेतली तर दोघांचा जोडधंदा बसणार होता. माझंही ठरलेलं होतं. खपत नाही म्हणून खलीलभाई मला सोमवारी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे परत पाठवणार होते.

खलीलभाईंनी तोड काढली. "अजिनाथमियां, इतवार की शादी में लेके जाओ. पसंद आयी तो रखो. नहीं तो सोमवार कू लाके दो, हौ?"

अशी मी दोन वर्षांनी कपाटाबाहेर पडले आणि रविवारी सोयगावला लग्नाला गेले.

नवरीचं नाव श्रेया. तिचे मामा पुंजाराम, बागायतदार माणूस. झुपकेदार मिशा, आणि फेटा तर असा भगवा की मांडवातला हॅलोजन लाजावा. आमच्याकडच्या लग्नात मामांना मोठा मान. मंगलाष्टकांआधी भटजी माईकवर पुकारतात, "नवरीच्या मामांनी पाठीशी उभं राहावं!" तसे पुंजाराम छाती काढून श्रेयाच्या पाठीशी उभे राहिले.

इथंच घोटाळा झाला. मी ज्याच्याकडे बघते तो लख्ख, त्याच्या मागचा धुक्यात. हा माझा गुण म्हणा की खोड. अजिनाथही माझ्या नादानं हुरळला होता. अंतरपाटापासून शेवटच्या अक्षतेपर्यंत त्यानं मला पूर्ण उघडी ठेवली, म्हणजे मागचं धुकं जास्तीत जास्त. श्रेयाच्या पापण्या मोजून घ्याव्यात अशा आल्या. मागं मामा मात्र उरले नाहीत.

पंगतीत मामांनी विचारलं, "फोटूवाले, दावा बरं, कसे आलेत."

अजिनाथनं कौतुकानं कॅमेरा पुढं केला.

"पोरगी झ्याक आली. मी कुठंय?"

"हे काय, मागं भगवं दिसतंय ना, ते तुम्ही."

"हे?" मामांनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला. "मी हाय व्हय हा? आरं, हा तर झेंडू हाय!"

"मामा, त्याला ब्लर म्हणतेत..."

"भाचीच्या पाठीशी मी उभा होतो का झेंडू?" मामा ताटावरून उठले. मामा उठले तशी त्यांची सगळी ओळ उठली. बुंदी वाढणारे जागीच थबकले. नवरीची आई आशाबाई, म्हणजे मामांची सख्खी बहीण, पदर खोचून धावत आली. "दादा, बस ना रं. माझ्या लेकीच्या ताटावरनं असं उठू नको."

शालू नवऱ्याच्या कानात म्हणाली, "ड्रोन असता तर वरून मामा तरी दिसले असते."

"वरून फेटाच दिसला असता," अजिनाथ कसाबसा म्हणाला. मग तो मामांपुढं जाऊन उभा राहिला. "मामा, चूक माझी हाय. पाच मिनिटं द्या. तुमचा एकट्याचा काढतो."

मांडवाच्या मागं पाण्याचा टँकर होता आणि समोरच्या पांढऱ्या कनातीवरून ऊन मऊ होऊन येत होतं. मामा फुरंगटून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि या वेळी थाप नाही, सगळं दिसलं. कलप लावताना मिशीतला सुटलेला एक पांढरा केस. आणि डोळ्यांच्या कडेचं पाणी, मंगलाष्टकांपासून अडवून धरलेलं.

अजिनाथनं फोटो काढून दाखवला, तसा मामांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याजवळ नेला. मग म्हणाले, "मागं हे पुसट कोण हाय?"

"कडुबाअण्णा. तुमचे चुलतभाऊ," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

"बांधावरून भांडतो तो? ऱ्हाऊ दे तसाच. लई झ्याक."

हे कडुबाअण्णांनी ऐकलं. ते तडक पुढं आले. "आता माझा काढ. अन् मागं पुंजाराम उभा पायजे."

मग काय सांगू, टँकरपाशी रांगच लागली. मागं कोण पुसट करायचा हे जो तो स्वतः ठरवून, त्याला हाताला धरून आणत होता. रांगेत पाचशे माणसं होती. बरं, चाळीस तरी होतीच. पंगत पुन्हा बसली, मामांनी तीनदा बुंदी घेतली.

शेवटी आशाबाई आली. हात ओले, कपाळावर पीठ. "सकाळपासून माझा एक बी नाय निघाला. पण माझी लेक मागं पुसट नको बाबा. आता सासरी चालली ती."

अजिनाथ अडला. मला दोन चेहरे लख्ख हवे असतील तर ते एका रेषेत लागतात. मग शालूच पुढं झाली. तिनं श्रेयाला आणलं, आशाबाईचं कपाळ पदरानं पुसलं आणि म्हणाली, "मावशी, गालाला गाल लावा. मागं कुणीच नको."

फोटो निघाला. शालूनं तो बघितला आणि कॅमेरा परत द्यायला बराच वेळ लावला.

सोमवारी दोघं दुकानात आले. खलीलभाईंनी मला घ्यायला हात पुढं केला.

"लेन्स नका मागू भाई," शालू म्हणाली. "हिचं खोकं द्या."

ड्रोन अजून आलेला नाही. तो लागेल तेव्हा भाड्यानं आणतात. तो वेळेवर न मिळाल्यानं या नव्या सराईत एक लग्न हुकलं, पण सोयगावच्या मामांनी स्वतःच्या भावकीतली चार मिळवून दिली. मी शालूच्या हवाबंद डब्यात राहते, मऊ कापडानं तोंड पुसून घेते आणि लग्नातली बुंदी लांबून बघते. माझं बरं चाललंय.

एकच विनवणी आहे. कुठल्या मांडवात मी दिसले तर लांबून हात हलवू नका, जवळ या. हसायची घाई करू नका, मला थांबायची सवय आहे. फक्त शेजारी कोणाला घ्यायचं आणि मागं कोणाला ठेवायचं, तेवढं घरून ठरवून या.